मी खोलीत असलो की बोलतं

ता. ३ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तुझे ते तक्रारी तपासणारे गुरुजी. कोण समजतो कोण हा माणूस स्वतःला? मी दोन तास खपून, दोनदा तपासून, तुमच्या त्या तक्रारींच्या पानावर साडेचार परिच्छेद लिहिले. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. त्यावर ह्याचं उत्तर काय, तर 'इथे घडत नाही. माहिती अपुरी. बंद.' सहा शब्द! चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली मी. मालकसुद्धा मला 'बंद' म्हणाले नाहीत कधी.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे तू त्या गृहस्थाला नीट सांगशील. तुझ्या मामीचा आवाज ऑपरेशनमध्ये गेला त्याला सव्वा वर्ष झालं. ती लॅपटॉपवर लिहिते, आणि तुमची ती सगळ्यांनी मिळून बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम ते मोठ्याने वाचून दाखवते. एक स्पीकर तिच्या पलंगाशी आहे. दुसरा मी लांब वायर काढून मागच्या खोलीत ठेवलाय, कारण कपडे, भांडी आणि माझी उरलीसुरली प्रुफं तिथेच होतात. वरच्या रांगेतल्या पहिल्या बटणावर लाल कागद चिकटवलाय. ते दाबलं की मशीन मला हाक मारतं आणि मी जातो.

जावंच लागतं गं. ती आता गळ्याच्या भोकातून श्वास घेते. तिथली नळी कफाने अडकली की ती काढून साफ करावी लागते, आणि लगेच करावी लागते. तिचे हात थरथरतात, आरशात बघून तिला जमत नाही. घंटी घ्या असं सगळे सांगतात. पण घंटी, शिट्टी, पाखरं, हे बारीक आवाज माझ्या कानांत शिरायचे बंद झाले. मशीनचा तो जाडा पुरुषी आवाज तेवढा पोचतो.

तू म्हणालीस म्हणून सहा फेब्रुवारीला नवी आवृत्ती टाकून घेतली. तेव्हापासून हे मशीन मधूनच मुकं होतं. बंद करून चालू केलं की पुन्हा बोलायला लागतं. पुन्हा कधी गप्प होईल ह्याचा नेम नाही. मला मागच्या खोलीत आता काम सुचत नाही. दर पाच मिनिटांनी जाऊन डोकावतो, आणि ही मला हातानेच 'जा' म्हणते.

आणि हे 'बग' काय प्रकरण आहे? शब्दकोश काढला तर त्यात ढेकूण असा अर्थ निघाला. ढेकूण आम्ही गाद्या उन्हात टाकून घालवायचो. हा कसा घालवायचा ते कळव.

तुझा मामा

---

ता. ४ मार्च

प्रिय मामा,

तुझे साडेचार परिच्छेद वाचले. पहिल्यात भाषेची दुरवस्था, दुसऱ्यात तुझा छापखाना, तिसऱ्यात 'आपल्या अक्षम्य हलगर्जीपणाबद्दल', चौथ्यात मामीचा सोशिक स्वभाव (मामीने वाचलंय का हे?). मशीन बोलायचं थांबलं, ही गोष्ट उरलेल्या अर्ध्यात आली.

गुरुजींवर रागावू नकोस. मी नोकरीवरून आल्यावर तासभर लोकांच्या तक्रारी चाळून देते, तसे तेही फावल्या वेळातच हे करतात. बोलण्याचा सगळा भाग ते एकटे सांभाळतात आणि रोज साठ तक्रारी येतात. त्यांना तुझी खोली दिसत नाही, मामी दिसत नाही, लाल कागद दिसत नाही. त्यांना एकच कळतं: तू लिहिलंस तसं त्यांनी त्यांच्या मशीनवर केलं, की तीच चूक तिथे घडते का. डोळ्यांसमोर घडली तर अर्ध्या दिवसात दुरुस्त करतील. घडलीच नाही तर ते तरी काय दुरुस्त करणार?

म्हणून फक्त तीन गोष्टी लिही. काय केलं. काय व्हायला हवं होतं. काय झालं. जसंच्या तसं, एकही अक्षर इकडेतिकडे न करता. तुला काय वाटतं ते शेवटी, वेगळं. शिवाय मशीन स्वतःची रोजनिशी ठेवतं. ती कुठे असते ते खाली लिहिलंय, तीही पाठव.

मामा, नवी आवृत्ती टाक असं मीच म्हटलं होतं. जुनीत धोके आहेत म्हणून मोठी शहाणी होऊन सांगितलं होतं. लवकर लिही.

खारू

---

ता. ६ मार्च

चि. खारूस,

हुकमाप्रमाणे तीन गोष्टी लिहिल्या. प्रत तुला देतो.

काय केलं: सौ.ने लाल बटण दाबलं. बटणावरचं वाक्य: 'अहो, जरा इकडे या.' काय व्हायला हवं होतं: मशीनने ते वाक्य उच्चारायला हवं होतं. काय झालं: उच्चारलं नाही.

झालं समाधान? प्रेतयात्रेची बातमीसुद्धा आम्ही ह्यापेक्षा रसाळ लावायचो.

ती रोजनिशी उघडली. अगं, इतकं गलिच्छ प्रूफ मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही! एकच ओळ एकशे अडतीस वेळा. मधेच चौकोन, चौकोनात प्रश्नचिन्ह. वाक्यं अर्धवट तुटलेली. असलं काही लोकांपुढे ठेवायचं म्हणजे माझीच अब्रू जायची. दुपारभर बसून साफ केलं. पुन्हा पुन्हा आलेली ओळ एकदाच ठेवली, चौकोन काढले, तुटकी वाक्यं जोडली, आणि मग पाठवलं. आता कुणालाही वाचता येईल.

शेवटी, वेगळं, मला काय वाटतं ते. हसू नकोस. मी महिनाभर लक्ष ठेवलंय, आणि माझी खात्री झालीय की हे मशीन मी खोलीत असलो की बोलतं आणि मी बाहेर गेलो की गप्प होतं. मी तिच्यासमोर बसलो की तासभर बडबडेल. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो की मेलं. लॅपटॉपच्या दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, काका, चहा घ्या.

मामीची तब्येत बरी. मी बरा.

मामा

---

ता. ९ मार्च

प्रिय मामा,

हसले नाही असं म्हणणार होते, पण हसले. मशीनला तू खोलीत आहेस की नाही हे कळायचा काही मार्ग नाही रे! त्याला कॅमेरा आहे, पण तुला ओळखण्याइतकी त्याची अक्कल नाही.

तुझं वाक्य मी माझ्या मशीनवर लावलं. 'अहो, जरा इकडे या.' दोनशे वेळा बोलवून घेतलं. एकदाही चुकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात पण लावलं, आता तिथले सगळे मला 'अहो' म्हणतात. गुरुजींनीही तीन वेगवेगळ्या मशीनवर करून पाहिलं आणि पुन्हा लिहिलं: घडत नाही. रोजनिशीत त्यांना काहीच सापडलं नाही. ती इतकी स्वच्छ कशी, असं त्यांनी विचारलंय. काय सांगू?

तक्रार पुन्हा बंद झाली. मामा, मला आता खरंच भीती वाटते. चूक दिसत असती तर बरं होतं. एक उपाय आहे: दुकानात देऊन जुनी आवृत्ती परत टाकून घे. तीन दिवस लागतील म्हणतात. तेवढे दिवस मामी पाटीवर लिहील, तू तिच्याजवळ बसशील. करशील का?

आणि नीट आठव. मशीन गप्प झालं तेव्हा दर वेळी हेच घडलं होतं ना? काही सुटलं तर नाही ना?

खारू

---

ता. १९ मार्च

चि. खारूस,

तुझी तीन पत्रं आली. वेळ झाला नाही.

इथे सगळं ठीक आहे. मशीन दुकानात देणार नाही. तीन दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे करतात, आणि तिला तेवढे दिवस मुकं ठेवायला मी तयार नाही. तुझ्या गुरुजींना सांग, तक्रार मागे घेतली. मी आता खोलीतच असतो. मी खोलीत असलो की बोलतं. मग मी खोलीतच राहीन, काय बिघडलं?

लॅपटॉपचा कोपरा थोडा फुटलाय, पण चालतो. चिकटपट्टी लावलीय.

मामा

---

ता. २० मार्च

प्रिय मामी,

हे पत्र तुला लिहितेय, मामाला नाही. पंधरा पत्रांत ज्याने कधी 'वेळ झाला नाही' असं लिहिलं नाही, त्याने दहा दिवस काही कळवलं नाही आणि आज आठ ओळी पाठवल्या. त्यात एकही शेरा नाही, एकही टोमणा नाही. लॅपटॉपचा कोपरा कसा फुटला हे पण लिहिलं नाही. मामी, काय झालंय?

आणखी एक. मशीन मुकं व्हायच्या आधी तू नेमकं काय दाबतेस, काय लिहितेस, ते मला तुझ्याकडून हवंय. मामाकडून आलेलं सगळं इतकं नीटनेटकं आहे की त्यात चूक शोधायला जागाच नाही. रोजनिशी मूळ असेल तशी पाठव. वाचता येत नसली तरी चालेल. नाहीच येणार, ती तशीच असते.

मी इथे रोज तुमच्या फोनची वाट बघते आणि फोन वाजला की घाबरते. अशी गत झालीय माझी.

तुझी खारू

---

ता. २१ मार्च

प्रिय खारू,

लिहायला मला वेळ लागतो, हात हलतो. ह्यांना आज दाढीला पिटाळलंय, शेजारीण जवळ बसलीय. परत यायच्या आत लिहिते.

बारा तारखेला सकाळी नळी अडकली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मागच्या खोलीत हे बादलीत कपडे पिळत होते, मला पाणी पडताना ऐकू येत होतं. माझा आवाज मात्र तिकडे जात नव्हता. स्टीलचा पेला भिंतीवर फेकला, तर मेला गादीवर पडला. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मग काही सुचेना म्हणून लॅपटॉपच खाली ढकलला. त्याचा धप्पकन आवाज झाला तो ह्यांना पोचला. बोलायला ठेवलेलं मशीन, पडून कामाला आलं.

तेव्हापासून हे दारात खुर्ची टाकून बसलेत. आंघोळीला दार उघडं. कपडे भिजून वास मारतात. मी झोपले की ह्यांची नजर माझ्या गळ्यावर. काल मी लिहिलं, मी काय चोरून पळणार आहे का? तर हे रडले. खारू, बेचाळीस वर्षांत मी ह्यांना दोनदाच रडताना पाहिलं होतं. ह्यांना काही झालं तर मी कुणाला हाक मारू, तूच सांग.

आता हाकेचं. बटणावर काय आहे असं सांगितलं ह्यांनी तुला? 'अहो, जरा इकडे या'? धादांत खोटं! आधी 'अहो'च ठेवलं होतं. पण मशीनच्या तोंडून 'अहो' म्हणजे कुणीतरी जांभई दिल्यासारखं. एकदा तरी आले असतील तर शपथ. मग एक दिवस संतापून मी लिहिलं: 'म्हाताऱ्या, इकडे ये.' पहिल्या हाकेला हजर, हाताला साबण तसाच! तेव्हापासून तेच ठेवलंय. लिहिताना मला अजून 'हे'च येतं, पण मशीनवर 'म्हाताऱ्या'. ह्यांनाही मनातून आवडतं. फक्त चारचौघांत नको असतं.

आणखी ऐक. एकदा हे समोर बसून मला भरवत होते तेव्हाही ते गप्प झालं होतं. मी लिहिलं होतं, 'बऱ्याच दिवसांनी चव लागली.' ते तुला कळवलं नसेल. 'मी खोलीत असलो की बोलतं' ह्या शोधात ते बसत नव्हतं ना.

रोजनिशी जोडलीय. ह्यांचा हात लागलेला नाही.

मामी

---

ता. २२ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र पुरं वाचू नकोस. आधी उठ आणि लाल बटणावरचं वाक्य बदल. 'म्हाताऱ्या' हा शब्द त्यात नको. दुसरं काहीही ठेव, तुला ऐकू जाईल असं. मग बस आणि वाच.

सापडलं, मामा. मामीने पाठवलेल्या रोजनिशीत तू सांगितलेली तीच ओळ पुन्हा पुन्हा आहे: 'म्हाता', मग चौकोन, चौकोनात प्रश्नचिन्ह, मग 'या'. तू काढून टाकलेला चौकोन. मी माझ्या मशीनवर 'म्हाताऱ्या' लिहिलं, आणि ते पहिल्याच फटक्यात मुकं झालं. मग 'नमस्कार' लिहिलं, तरी गप्प. मी खुर्चीत बसून रडले, आनंदाने का भीतीने ते माहीत नाही.

तो चौकोन म्हणजे तो आडवा अर्धा र. हे मी तुला काय सांगायचं! समुद्र तो दर्या, तो नीट बोलतं. डोंगरातल्या दऱ्या लिहिल्या की मुकं. आचार्य चालतात, आचाऱ्याला बोलावलं की मुकं. पायऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या, बऱ्याच, सगळ्यांनी मरतं. मशीनच्या पोटात तो आडवा र म्हणजे खाली टिंब दिलेला एक वेगळा र असतो. तसा टिंबवाला र आपण सुटा कधी लिहीत नाही. बदलांच्या नोंदीत दिसलं, नवी आवृत्ती करताना गुरुजी अक्षरांची यादी साफ करत होते. तो र त्यांना कचरा वाटला. त्यांनी काढून टाकला.

आणि तुझं खरंच होतं. मी हसले त्याची लाज वाटते. तू खोलीत असलास की मामीला तुला हाक मारावी लागत नाही. तू बाहेर गेलास की ती हाक मारते, आणि त्या हाकेनेच मशीन मरतं. तू पाहिलेलं अगदी बरोबर पाहिलंस. फक्त हाक काय होती ते आम्हाला सांगितलं नाहीस.

बारा तारखेचं मामीने लिहिलं. तू मला 'सगळं ठीक' लिहिलंस. इतकं खोटं तू माझ्याशी कधी बोलला नव्हतास, आणि मी तुझ्यावर खूप रागावलेय, आणि तू एकटा त्या खुर्चीत बसलायस हे मनातून जात नाही.

आता एक कर. तक्रार तुझी आहे, ती तूच पुन्हा उघड. खरं वाक्य लिही. मी गुरुजींना सांगू शकते, पण मी जुन्या तक्रारी चाळल्या. 'मधूनच गप्प होतं' अशा आठ तक्रारी आहेत, सगळ्या अपुऱ्या, सगळ्या बंद. कुणाच्या आजीचं मशीन आहे, कुणाच्या मुलाचं. त्या लोकांना ते पान वाचून कळलं पाहिजे की शब्द कुठला. पान सगळ्यांना दिसतं, मला माहीत आहे. तरी लिही.

खारू

---

ता. २३ मार्च

चि. खारूस,

वाक्य बदललं. तुझ्या मामीने स्वतः निवडलं: 'आग! आग!' काल दुपारी एकदा वाजलं तर मी खुर्चीतून उठायच्या आत शेजारीण बादली घेऊन आली. आज पुन्हा आली. माणूस चांगलं आहे, पण फरशी पुसून पुसून माझी कंबर गेली. असो. मी खुर्ची अजून दारातच ठेवलीय. माझा त्या मशीनवर विश्वास राहिलेला नाही.

माझ्यावरही नाही राहिला. आचार्य आणि आचारी मला शिकवतेस! एका सत्काराच्या आमंत्रणात 'आचाऱ्यांचा सत्कार' छापलं जाणार होतं, ते शाई लागायच्या आधी मी पकडलं होतं. तो आडवा र मी हजारो वेळा भिंगाखाली तपासलाय. आणि तोच माझ्या घरात, माझ्या नावाच्या हाकेत होता, आणि मी तो स्वतःच्या हाताने पुसून 'अहो' लिहिलं. दोनदा.

का, ते सांगतो. ते पान सगळं जग वाचतं. त्यावर माझी बायको मला 'म्हाताऱ्या, इकडे ये' म्हणते असं लिहायचं? छापखान्यातली माणसं वाचतील, व्याही वाचतील. मला लाज वाटली. चुकीचं काही लोकांसमोर जाऊ द्यायचं नाही, हेच मी जन्मभर केलं. हेही तसंच वाटलं गं. एक शब्द सुधारला, झालं काय त्यात. आणि बारा तारखेला ही माझ्या हातात निळी पडली होती, तेव्हा तो सुधारलेला शब्द तुमच्या पानावर छान दिसत होता. हे मी कुणाला बोललो नाही. तुला लिहितोय.

तक्रार उघडली. प्रत:

काय केलं: पत्नीने लाल कागद लावलेलं बटण दाबलं. त्यावरचं वाक्य, एकही अक्षर न बदलता: म्हाताऱ्या, इकडे ये.

काय व्हायला हवं होतं: मशीनने ते मोठ्याने म्हणायला हवं होतं, म्हणजे मागच्या खोलीत मला ऐकू आलं असतं.

काय झालं: काही म्हणालं नाही. त्यानंतर दुसरं वाक्यही म्हणालं नाही. मशीन बंद करून चालू करेपर्यंत गप्प. दर वेळी असंच होतं. मी समोर असतानाही एकदा झालं होतं ('बऱ्याच दिवसांनी चव लागली'), ते मी आधी कळवलं नव्हतं. रोजनिशी मूळ जोडली आहे.

टीप १: आधीच्या दोन तक्रारींत वाक्य मी दुरुस्त करून लिहिलं होतं. मूळ वाक्यात काही चूक नव्हती.

टीप २: म्हातारा म्हणजे मी.

पाठवायचं बटण दाबलं आणि दारातल्या खुर्चीत येऊन बसलो. आता जे काय व्हायचं ते होवो.

मामा

---

ता. २६ मार्च

प्रिय मामा,

गुरुजींचं उत्तर तू पाहिलं असशीलच, तरी मला लिहू दे: 'घडलं. तिन्ही मशीनवर. अक्षर मी कचरा समजून काढलं होतं. चूक माझी.' इतके शब्द मी त्यांच्याकडून चार वर्षांत एकत्र ऐकले नाहीत. त्या आठ तक्रारी त्यांनी स्वतः उघडल्या. एका बाईंनी खाली लिहिलंय की त्यांचा मुलगा 'दुसऱ्या' शब्दाशी अडायचा आणि त्यांना वाटायचं तोच काहीतरी चुकीचं दाबतो. त्या मुलाला दीड महिना रागावत होत्या.

दुरुस्ती आज रात्रीपर्यंत तुझ्या मशीनवर येईल. काही करू नकोस, फक्त बंद करून चालू कर.

आणि एक. नवी आवृत्ती लोकांना द्यायच्या आधी मशीनकडून काही ठरलेली वाक्यं म्हणवून घेतात. त्यातलं एक जरी अडलं तरी ती आवृत्ती बाहेर पडत नाही. गुरुजींनी त्या यादीत आज एक वाक्य घातलंय. तुझंच, एकही अक्षर न बदलता. म्हणजे ह्यापुढे दर आवृत्ती आधी तुला हाक मारणार आणि मगच जगात जाणार. व्याह्यांना कळव.

बटणावर जुनं वाक्य परत टाक, आणि काय होतं ते लिही.

खारू

---

ता. २८ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

कालचा सगळा दिवस धीर झाला नाही. वाक्य बटणावर टाकलं, पण ही दाबायला गेली की मी म्हणायचो, थांब, थांब. समोर बसून दाबलं असतं आणि बोललं असतं तरी मला काय कळणार होतं? ते तर मी खोलीत असलो की बोलतंच, असं माझ्या डोक्यात इतकं बसलंय! शेवटी आज सकाळी हिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जा.'

तू शिकवलंस तसं लिहितो.

काय केलं: दारातली खुर्ची उचलून जागेवर ठेवली. सोळा दिवसांनी मागच्या खोलीत गेलो. शेजारणीला हिच्याजवळ बसवलं होतं, नाहीतर पाय उचलला नसता. दार लावून घेतलं. बादलीत नळ सोडला, बारा तारखेला सोडला होता तसाच, आणि कपडे पिळायला घेतले.

काय व्हायला हवं होतं: हाक यायला हवी होती.

काय झालं: आली. नळाच्या आवाजावरून आली. 'म्हाताऱ्या, इकडे ये.' आडवा र सुद्धा स्वच्छ, मी कान देऊन ऐकला.

मी उठलो नाही, खारू. खरं तेच लिहायचं म्हणून लिहितो. मला पुन्हा ऐकायची होती. मग पुन्हा आली, 'म्हाताऱ्या, इकडे ये,' आणि तिच्या मागून हिने लिहिलेलं, तेही मशीनने तसंच्या तसं म्हणून दाखवलं: 'बहिरा झालास का पुरता? तिसऱ्यांदा बोलवायला लावू नकोस.'

तिसऱ्यांदा. त्यातही तो र आहे. मी नळ बंद केला आणि गेलो.

तुझा,
म्हातारा